वज्रलेप : राळ, लाख आणि आरल्डाइट

जीर्णोद्धाराच्या पत्रिकांमध्ये अलीकडे 'वज्रलेप' हा शब्द वारंवार दिसू लागला आहे. कलशारोहण, प्राणप्रतिष्ठा, काल्याचे कीर्तन, महाप्रसाद आणि त्याच ओळीत 'श्रींच्या मूर्तीस वज्रलेप'. आमच्या बीड जिल्ह्यात आता हा लेप मूर्तीपुरता राहिलेला नाही. नव्या सभामंडपाच्या काँक्रीटच्या खांबांना संगमरवराचा भास देणारा रेझिनचा थर, फरशीवर आरशासारखा लेप, आणि हात लागलाच आहे तर शेजारच्या जुन्या दगडी गाभाऱ्यालाही तोच डबा. गावकऱ्यांच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. वर्गणी घामाची असते. पण जिल्ह्यातली जुनी देवळे आणि बारवा पाहत हिंडताना एक प्रश्न मला सतत पडत आला : पत्रिकेतला वज्रलेप आणि ग्रंथातला वज्रलेप ही एकच वस्तू आहे काय? मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही आणि पुरातत्त्वाचाही नाही. मिळेल तिथून वाचत आणि गवंड्यांना विचारत जे हाती लागले, ते येथे मांडतो.

ग्रंथातला वज्रलेप म्हणजे वराहमिहिराचा. सहाव्या शतकातल्या या ज्योतिषाचार्याच्या 'बृहत्संहिते'त पाऊस, रत्ने, वृक्षायुर्वेद आणि वास्तुविद्या यांच्याबरोबर वज्रलेपावर एक स्वतंत्र, छोटासा अध्याय आहे. त्यातली पहिली कृती अशी : कच्चे टेंभुर्णीचे फळ, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड हे सारे एक द्रोण पाण्यात उकळायचे. पाणी आटून आठवा हिस्सा उरला की उतरवायचे आणि त्यात श्रीवासक म्हणजे देवदार-चीड जातीच्या झाडांचा डिंक, बोळ, गुग्गुळ, बिबा, कुंदुरू, सर्जरस म्हणजे राळ, जवस आणि बेलफळ यांचा कल्क घालायचा. हा लेप प्रासाद, हवेल्या, सज्जे, शिवलिंगे, मूर्ती, भिंती आणि विहिरी यांना तापवून लावायचा. टिकण्याची मुदत सांगितली आहे एक कोटी वर्षे. ग्रंथकारांना संख्येत कंजुषी करण्याची सवय नव्हती, एवढेच म्हणू.

यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. टेंभुर्णी, कवठ, सावर, सालई, धामण, बिबा, बेल ही बालाघाटाच्या मुलखाला ओळखीची झाडे. जवस तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला, चटणीचा. परका माल तेवढा राळ, गुग्गुळ आणि श्रीवासक यांचा. साल वृक्ष आपल्याकडे नाही, चीड-देवदार हिमालयातले, गुग्गुळ राजस्थान-कच्छच्या कोरड्या पट्ट्यातला. म्हणजे हा लेप करायला अर्धी सामग्री रानातून आणि अर्धी व्यापाऱ्याकडून आणावी लागे. सरसकट प्रत्येक देवळाला तो लागला असेल असे मानायला मी तयार नाही.

दुसऱ्या कृतीत लाख आहे. तिसरी, 'वज्रतल' नावाची, शिंगे, चामडे आणि केस उकळून केलेल्या सरसाची. चौथी वेगळीच : आठ भाग शिसे, दोन भाग कासे आणि एक भाग पितळ यांचा रस. तिला 'वज्रसंघात' म्हटले आहे आणि ती मयाची असल्याचे सांगितले आहे. वनस्पती, कीटक, प्राणी, धातू : चिकटवायला जे जे माहीत होते, ते सगळे या छोट्या अध्यायात आले आहे.

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते बिब्याने. बिबा उततो हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. धोबी त्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत, ती कपडा फाटला तरी जात नसे. याचे कारण त्याच्या तेलातली फिनॉल जातीची द्रव्ये. हवा लागली की ती एकमेकांत गुंफली जाऊन कायमची घट्ट होतात. जपानी लाखकामाचा झाडाचा चीक याच कुळातला, आणि आपला काजूही. काजूच्या टरफलाच्या तेलापासून काढलेल्या कार्डॅनॉलवर आज इपॉक्सीचे काही हार्डनर तयार होतात. त्यांचा गुण असा की थोड्या ओलसर पृष्ठभागावरही ते आवळतात. जवसाचे तेलही हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणजे वराहमिहिराच्या कढईत केवळ वितळून थिजणारी राळ नव्हती, स्वतःहून गुंफली जाणारी द्रव्येही होती. प्राचीनांना पॉलिमरचे शास्त्र अवगत होते, असा याचा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत. त्यांना बिबा अवगत होता, आणि हे काही कमी नाही.

'तापवून लावावा' ही सूचनाही अनुभवातून आलेली. गरम लेप पातळ असतो. तो दगडाच्या छिद्रांत उतरतो, वरवरची ओल उडवतो आणि आत थिजला की मुळासारखा पकड घेतो. आजचा कारागीर प्राइमरचा पातळ हात आधी मारतो तो याच कारणासाठी.

आता लाखेकडे वळू, कारण आमच्या भागाचा एक मोठा धडा तिच्याशी बांधलेला आहे. बीड त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि अजिंठाही. संस्थानाचे पुरातत्त्व खाते 1914 साली सुरू झाले, प्रमुख गुलाम यझदानी. अजिंठ्याच्या चित्रांचे पोपडे सुटत होते, म्हणून खात्याने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी या संवर्धकाला आणि त्याच्या ओर्सिनी नावाच्या सहकाऱ्याला बोलावले. 1920 ते 1922 या काळात दोन हिवाळे त्यांनी काम केले. सुटलेले तुकडे जागच्या जागी बसवले, आणि चित्रांवर लाखेच्या द्रावणाचा हात दिला. रंग ओलसर, ताजे दिसू लागले. त्याआधी एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्या चित्रकारांनीही रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश फासले होतेच.

पुढे काय झाले? लाख पिवळी पडली, मग तपकिरी. तिच्यावर धूळ आणि काजळी बसली. आणि मुख्य म्हणजे ती आकसली. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, त्यात भुसा, गवत, तंतू कालवलेले. वेरूळच्या अशाच गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळल्याचे संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. असा गिलावा मऊ असतो आणि दमट हवेत फुगून कोरड्या हवेत बसतो. त्याच्यावरची कडक त्वचा त्याच्याबरोबर हलत नाही. ती ताणते, आणि ताणताना रंगाचा पापुद्रा बरोबर घेऊन येते. लाख चिकटली नाही असे झालेच नाही. ती फार चांगली चिकटली. चेक्कोनीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळच्या युरोपात हेच चालत होते, आणि त्याने बसवलेले तुकडे नसते तर कितीतरी चित्रे आज दिसलीच नसती. स्वातंत्र्यानंतर अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला, आणि खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख द्रावकाने टिपून टिपून काढावी लागली. पुढच्या कित्येक दशकांचे ते काम झाले.

लाखेला पर्याय शोधतानाच कृत्रिम रेझिनचे युग सुरू झाले, हेही इथेच सांगितले पाहिजे. जगाची लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई, वीज-उपकरणांसाठी तिची मागणी वाढली आणि भाव चढले. लिओ बेकलंडने 1907 साली बॅकेलाइट केले ते या शोधात. इपॉक्सी त्यानंतरची. पियेर कास्तां या स्विस रसायनज्ञाने 1930च्या दशकात ती दातांच्या कामासाठी बनवायला घेतली, आणि 1946 साली सीबा कंपनीने एका स्विस औद्योगिक प्रदर्शनात तिचा चिकटद्रव्य म्हणून जाहीर उपयोग दाखवला. तेच आरल्डाइट. दोन नळ्या, सारखे थेंब, आगपेटीच्या काडीने घोटायचे : माझ्या पिढीच्या प्रत्येक घराने हे केले आहे.

मूर्तींच्या कामात मग हीच रेझिने शिरली आणि नाव मात्र जुने, वज्रलेप, टिकले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला 1955 साली वज्रलेप झाला. झीज थांबली नाही. मूळ मूर्तीवरचे अभिषेक बंद करावे लागले आणि 2015 साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून रासायनिक संवर्धन झाले. पंढरीच्या विठ्ठलाला 1988, 2005, 2012 आणि पुन्हा 2020 च्या टाळेबंदीत लेप झाला. वर्षांतली अंतरे पाहा. दही, दूध, मध, पाणी आणि लाखो हातांचा स्पर्श यांपुढे कोटी वर्षांचे आश्वासन सात ते सतरा वर्षांवर येते. संवर्धकांच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. झिजायचे ते लेपाने झिजावे, दगडाने नव्हे.

खरी पंचाईत काँक्रीटची आणि भिंतींची. सभामंडपाचा खांब ओतला की त्याच्या पृष्ठभागावर सिमेंटच्या दुधाचा एक कमकुवत, भुरभुरीत थर येतो. तो ग्राइंडरने घासून काढला नाही तर रेझिन त्या थरालाच धरते, आणि थर खांबाला धरून नसतो. सुटलेला पोपडा उलटा करून पाहावा. मागे करड्या सिमेंटचा पातळ पापुद्रा असेल तर घासकाम झालेले नाही. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल तर ओल, धूळ किंवा शटरिंगचे तेल. आणि मागे खडीचे कण उपटून आले असतील तर चिकटवणाऱ्याने आपले काम चोख केले. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच.

उद्घाटनाची तारीख हा दुसरा शत्रू. काँक्रीटला निदान 28 दिवस आणि नंतर सुकायला वेळ हवा. आमच्याकडे तारीख एकादशी बघून ठरते आणि खांबाला पाणी मारणे चालू असतानाच लेपवाला दारात येतो. आतली ओल बाहेर यायला धडपडते, वर झाकण, मग फुगवटे. तिसरा, उन्हाळा. बीडला पारा चाळिशी ओलांडतो. नुसती इपॉक्सी काँक्रीटच्या साधारण पाचपट प्रसरण पावते, म्हणून तिच्यात वाळूची बारीक पूड कालवून हा फरक कमी करतात. पूड महाग नाही, पण लेप कमी चकाकतो, म्हणून ती टाळली जाते. उघड्या उन्हात इपॉक्सी पिवळी पडून खडूसारखी भुकटी सोडते, ते वेगळेच. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांवर गिलावा करून वर सजावटी थर देतात तिथेही नियम हाच : आधी कोरडे, आधी घासलेले, मग पातळ हात.

पण सभामंडप नवा आहे. पोपडे निघाले तर पुढच्या वर्गणीतून पुन्हा करता येईल. जुन्या दगडाचे तसे नाही. बीड शहरातले कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. त्याचा पाया कायम ओला. दगडाच्या छिद्रांतून आणि सांध्यांतून पाणी वर चढते आणि भिंतीच्या उघड्या अंगावरून उडून जाते. शतकानुशतके हा हिशेब बसलेला आहे. अशा भिंतीला कंबरेएवढा रेझिनचा पट्टा मारला तर पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढते आणि लेप संपतो तिथे बाहेर पडते. त्याच्याबरोबर क्षारही येतात. लोणा लागतो तो नेमका त्या रेषेत, म्हणजे जिथे कोरीव काम सुरू होते तिथे. कंकालेश्वराला असे कुणी केलेले नाही. गावोगावच्या ज्या देवळांची कुठल्या यादीत नोंद नाही, तिथे मात्र ऑइलपेंटच्या थरांखाली वीरगळांचे चेहरे बुजले आहेत आणि आता त्यावर रेझिनचा डबा येतो आहे.

अजिंठ्याची लाख निघू शकली, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. घट्ट झालेली इपॉक्सी तशी विरघळत नाही. तिला फुगवणारी तीव्र द्रावके आहेत, पण ती वापरायला तज्ज्ञ लागतो आणि दगडालाही जपावे लागते. गावात हाताशी असते ते ग्राइंडरच, आणि ग्राइंडरला लेप कुठे संपतो आणि नाकडोळे कुठे सुरू होतात हे कळत नाही.

कुणी विचारले तर मी एक साधी चाचणी सांगतो. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून संध्याकाळी लावावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढावा. आतून थेंब दिसले किंवा दगड काळसर पडला तर त्या भिंतीला लेप देऊ नये. गेल्या वर्षी एका गावच्या मंडळींनी गाभाऱ्याच्या भिंतीवर असा कागद लावून पाहिला. सकाळच्या आरतीलाच त्यावर दव धरले होते. सभामंडपाचे खांब त्यांनी दिवाळीनंतर करायचे ठरवले, आणि गाभाऱ्यासाठी आणलेले चार डबे दुकानदाराला परत केले.