नाणेघाटातील पावले

गेल्या हिवाळ्यात कंबोडियात जाऊन अंगकोर वाट पाहून आलो. १२व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने उभारलेले ते विष्णुमंदिर पाहताना मान दुखली, मन मात्र भरले नाही. घरी येऊन नातीला ती सारी कथा ऐकवू लागलो, तर ती म्हणते, "आजोबा, एवढ्या लांब गेलात, मग जुन्नरच्या नाणेघाटात मला कधी नेणार?" पोरगी खरेच बोलली होती.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. घाटघर मागे पडले की नानाचा अंगठा दिसू लागतो आणि पुढे जमीनच संपते. खाली सारे कोकण! सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच खिंडीने जुन्नरास चढे. वर दगडी रांजण आहे. त्यात जकात पडे, असे गावची माणसे सांगतात. नातीने त्यात डोकावून पाहिले. वाळकी पाने तेवढी होती.

थोडे उतरले की लेणे लागते. डाव्या-उजव्या भिंतींवर सातकर्णीची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो १९व्या शतकात वाचला. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, दक्षिणेत दिलेल्या १७०० गाई अन् १० हत्ती आहेत, तेही अंकांत! आपल्या अंकांचा इतका जुना नमुना क्वचितच सापडतो. पण मला भावते ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनही तापसीसारखी वागणारी राणी. यज्ञांच्या त्या लांबलचक हिशेबात एवढाच काय तो माणसाचा श्वास ऐकू येतो.

मागल्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका, राणीचा पिता महारठी, राजकुमार अशा मूर्ती होत्या. आज वर नावे आहेत, खाली पावलांच्या अस्पष्ट खुणा.

"बाकीची माणसे कुठे गेली?" नातीने विचारले. मी म्हणालो, "ऊन, पाऊस, आणि माणसे."

आता सांगायलाच हवे. सातवीच्या सहलीत मीही याच लेण्यात, टोकदार दगडाने, भिंतीच्या एका कोपऱ्यात आपले नाव कोरले होते. मित्रांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या कोपऱ्याकडे मी मुद्दामच गेलो नाही.

नात मात्र भिंतीवरची आधुनिक नावे एकेक करून मोठ्याने वाचू लागली होती. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "चल, ऊन उतरायला लागले."