आत्तींच्या वहीतला शेर



यंदा संक्रांतीला माझे शेंगदाण्याचे लाडू फसले. फसले म्हणजे अगदीच. हातात घेतला की भुगा! बावीस वर्षं गडहिंग्लजच्या या घरात स्वयंपाक करतेय आणि मला दाण्याचा लाडू वळता येऊ नये?

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण सासूबाई गेल्यानंतरची ही पहिली संक्रांत. त्यांना आम्ही सगळे आत्ती म्हणायचो. वन्सं इचलकरंजीहून मुद्दाम आल्या होत्या. फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "अगं, आईच्या वहीतले लाडू कर." म्हणून मी वही काढली. शाळेच्या वह्यांची कोरी पानं सुईदोऱ्यानं शिवून आत्तींनी स्वतः केलेली ही वही. त्यात लिहिलं होतं, दाणे एक शेर, गूळ अर्धा शेर, वेलदोडे चार.

मोबाईलवर शोधलं. शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. काट्यावर दाणे ९३३ ग्रॅम घेतले, गूळ ४६७ ग्रॅम. इतकं चोख मोजून मी जन्मात लाडू केले नव्हते, आणि तेच फुटले. वन्संनी तो भुगा वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ला. "चव आईचीच आहे," म्हणाल्या. मला मात्र घास गिळवेना.

जाताना चप्पल घालता घालता त्या सहज बोलून गेल्या, "आई दाण्याला मापटं घेऊन बसायची, नाही?"

त्या गेल्या आणि मी माळ्यावर चढले. जुन्या समयांच्या मागं पितळेचं मापटं सापडलं, काळं पडलेलं. चिंचेनं घासलं, दोन मापटी दाणे भरले आणि काट्यावर ठेवले. साडेसातशे ग्रॅमसुद्धा भरले नाहीत! म्हणजे माझे दाणे जवळजवळ दोनशे ग्रॅम जास्त झाले होते. तेवढ्यांना धरून ठेवायला गूळ पुरणार कुठून?

शेर दोन होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. एक मापी, एक वजनी. आपल्या आज्ज्यांना हे सांगावं लागत नव्हतं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. हे झालं धान्याचं माप. काट्यावरचा हिशोब वेगळा. पाच तोळ्यांची छटाक, दहा तोळ्यांचं नवटाक, वीस तोळ्यांचा पावशेर, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. नाव तेच शेर आणि मण, पण वस्तू वेगळी. मापी शेर ज्वारीनं भरला तर एक वजन, दाण्यांनी भरला तर दुसरं, चुरमुऱ्यांनी भरला तर भलतंच.

मग वहीत एकाच ओळीत दोन्ही शेर कसे? थोडा विचार केला आणि हसू आलं. जे ओतता येतं ते मापानं. गुळाची ढेप मापट्यात कशी बसणार? ती फोडून काट्यावरच टाकायची. म्हणून दाणे मापी शेर आणि गूळ वजनी शेर. आत्तींना हे लिहायची गरजच वाटली नाही. पाणी ओलं असतं असं कुणी लिहून ठेवतं का?

शिवाय मापं गावोगावी थोडी वेगळी असायची. वहीत एका ठिकाणी कंसात "माहेरचं माप" असं लिहिलंय. माप शीग लावून भरायचं की बोट फिरवून सपाट, हाही प्रश्न असायचाच. रास मोजताना पहिलं माप टाकताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन. माझे आजोबा असंच मोजायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं आजोबांना एक म्हणता येत नाही.

आता वही इतिहासाच्या पुस्तकासारखी वाचायला घेतली. आत्ती लग्न होऊन या घरात आल्या त्या १९५७ साली. त्याच वर्षी १ एप्रिलला रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. एका आण्याचे नवे पैसे होतात सव्वासहा. तो पाव पैसा दुकानदारानं सोडायचा की गिऱ्हाइकानं, यावर वाद होणारच! वहीच्या पहिल्या पानांच्या कडेला आण्यांचे हिशोब आहेत आणि पाकक्रियांत सगळीकडे शेर, अच्छेर, पावशेर.

मधल्या पानांवर काही ठिकाणी "शेर" खोडून वर "किलो" लिहिलंय, शाई वेगळी. वजनमापांचा नवा कायदा १९५६ साली झाला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजनं सक्तीची झाली. त्या चार वर्षांत किती बायकांची पापडाची, सांडग्यांची प्रमाणं बिघडली असतील! पापडखार तोळ्यावर असायचा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज सराफाकडे तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. जुन्या वहीतला तोळा आजच्या तोळ्यानं घेतला तर पापडखार कमीच पडणार. शब्द मात्र चिवट. आजही आपण बाजारात "पावशेर भेंडी द्या" म्हणतो आणि घेतो २५० ग्रॅम. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा.

लाडूच्या पानावर मात्र खाडाखोड नाही. ती पाककृती आत्तींच्या हातात होती, बदलायची कशाला?

शेवटच्या पानांवर तिसरीच भाषा आहे, वाटी आणि चमचा. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि घरोघरी पोचलं. त्यातली वाटी-चमच्याची मापं आता आपल्याला इतकी सवयीची झालीत की त्यात काय विशेष असं वाटतं. पण शेर जाऊन किलो आल्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. अशा वेळी ज्या मापाला ना तराजू लागतो ना सरकारी शिक्का, ते बायकांच्या हाती पडलं. आपली वाटी लहान असो की मोठी, सगळं त्याच वाटीनं घेतलं की प्रमाण चुकत नाही.

पुढचं मला दुपारी मोबाईलवर चाळताना सापडलं. महावीराचार्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. नवव्या शतकातले आपले दिगंबर गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं १९६३ साली हिंदी अनुवादासह छापला. त्याच्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. चार पावशेरांचा शेर, चार शेरांची पायली, तीच चौपट! आणि तिथंही धान्याचं कोष्टक वेगळं, सोन्याचं वेगळं.

मग आठवलं, हे तर मी दरवर्षी म्हणते. दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो ना? सातव्या दिवशीच्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक "हीनाधिकमानोन्मान". घेताना मोठं माप आणि देताना लहान, असा त्याचा अर्थ पंडितजी दरवर्षी सांगतात. पण शब्द फोडून बघा. 'मान' आणि 'उन्मान'. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत उलगडून दिलंय, प्रस्थासारखी मापं म्हणजे मान, तराजूसारखी वजनं म्हणजे उन्मान. मापी आणि वजनी! वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणत आले आणि अर्थ कळला लाडू फुटल्यावर.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. आत्तींची वही माझ्याकडे आहे म्हणजे त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, असं मी धरून चालले होते. वहीत अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी त्या मापट्यात आणि वन्संच्या आठवणीत होती. मापटं तर मी दिवाळीत मोडीत द्यायला काढलं होतं. भांडेवाला आला नाही म्हणून राहिलं.

आता फुटलेल्या लाडवांचं काय केलं ते सांगते. भुगा मिक्सरला एकदा फिरवला, थोडी तिळाची पूड घातली आणि गूळपोळीसारख्या पोळ्या केल्या. एक कणही वाया गेला नाही. आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तक्ता लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. तुम्हीही करून ठेवा.

वजनी शेर ९३३ ग्रॅम, अच्छेर ४६७, पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८, तोळा ११.६६. मापी शेरासाठी मात्र ग्रॅम लिहू नका. घरातलं जुनं माप शोधा, तो तो जिन्नस भरून काट्यावर ठेवा आणि येईल तो आकडा जिन्नसाच्या नावासकट लिहा.

पुढच्या आठवड्यात दोन मापटी दाणे आणि अर्धा वजनी शेर गूळ घेऊन पुन्हा लाडू वळले. गोल, घट्ट, दातांना जरा जोर लावायला लावणारे, आत्तींचे असायचे तसे. डबा इचलकरंजीला पाठवला. रात्री वन्संचा फोन आला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मापटं सापडलं वाटतं."

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी वही असेल आणि ती लिहिणारी आई, सासूबाई किंवा आज्जी तुमच्यासमोर बसलेली असेल, तर आजच वही त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि विचारा, "यातला शेर कुठला?"