गाठीची रसद तोडणारे उपचार

कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवून घेते. ही रसद तोडावी, असा विचार अमेरिकी शल्यविशारद डॉ. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यातून आलेले बेव्हॅसिझुमॅब हे महागडे औषध शिरेवाटे द्यावे लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या अल्प मात्रेत दिल्या. अशा मात्रेनेही रक्तवाहिन्यांची वाढ रोखली जाते, असे मानले जाते. डोके व मानेच्या असाध्य कर्करोगातील या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे मध्यक आयुष्य सिस्प्लॅटिनवर ६.१, तर गोळ्यांवर ७.५ महिने आढळले. रोग बरा होत नाही. परंतु गोळ्या घरीच घेता येत असल्याने भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या मुंबईच्या खेपा आणि कामाचे खाडे कमी होऊ शकतात.