पोर्-मियूच्या कापलेल्या कड्याची साक्ष

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेजवळच्या कासी बंदरातून सुटणाऱ्या लाँचची सर्वांत छोटी फेरी पाऊण तासाची असते. कडेवरच्या मुलापासून काठी टेकणाऱ्या आजीपर्यंत सगळ्यांना झेपेल अशी. पोर्-मियू, पोर्-पँ आणि आँ-व्हो या तीन कालाँक, म्हणजे चुनखडीच्या उभ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या, तेवढ्यात पाहून होतात. मुळात या दऱ्याच. हिमयुग सरलं, समुद्र शंभर मीटरांहून जास्त चढला आणि पाणी आत शिरलं. हे रूप निसर्गाने घडवलं यात शंका नाही. पण ते आज शिल्लक आहे याचं श्रेय मात्र मला मार्सेच्या सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवणाऱ्या सामान्य माणसांना द्यावंसं वाटतं, आणि त्याचा पुरावा पहिल्याच खाडीत आहे.

पोर्-मियूत शिरलं की एका काठावरचा कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो आणि पाण्यालगत, दगड थेट जहाजात सोडण्यासाठी केलेल्या बांधकामाचे अवशेष. कासीचा पांढरा घडीव दगड पूर्वीपासून बंदरांच्या धक्क्यांसाठी जात असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोल्व्हे या बेल्जियन कंपनीची नजर इथे वळली. सोडा बनवायला मीठ आणि चुनखडी लागते. मीठ कामार्गच्या मिठागरांत होतं, चुनखडी इथे. घडीव कामाला निवडक दगड पुरतो, कारखान्याला मात्र अख्खा कडाही कमीच. 13 मार्च 1910 रोजी काही हजार लोक याविरुद्ध पोर्-मियूत जमले. 1897 साली स्थापन झालेली मार्सेच्या पदभ्रमण करणाऱ्यांची संस्था त्यात पुढे होती. निसर्ग वाचवण्यासाठी फ्रान्समध्ये झालेल्या अगदी पहिल्या निदर्शनांत त्याची गणना होते.

यावर कुणी म्हणेल, निदर्शनं फसलीच की. खाण पुढे सुमारे सत्तर वर्षं चालली. खरं आहे. पण त्या दिवशी उठलेली मागणी विरली नाही. 1923 मध्ये कालाँकच्या बचावासाठी समिती उभी राहिली, 1975 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, 2012 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पोर्-मियूला घाव बसले, आँ-व्होचे कडे अखंड राहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहरी लोकांच्या विरंगुळ्यासाठी कामगाराची रोजी का जावी? शिवाय मार्सेचा प्रसिद्ध साबण सोड्याशिवाय होत नव्हता. मात्र प्रोव्हान्समध्ये चुनखडीला तोटा नाही, ती दुसरीकडेही खणता येते. समुद्राने भरलेली दरी दुसरीकडे नेता येत नाही. आणि हा विरंगुळा मूठभरांचाही नव्हे. जून ते सप्टेंबर वणव्याचा धोका वाढला की डोंगरातल्या वाटा बंद होतात. तेव्हा धडधाकट गिर्यारोहक आणि ती काठीवाली आजी, दोघांनाही आँ-व्हो लाँचमधूनच पाहावं लागतं.