रॉन पॉल जिंकणार होते तेव्हाची गोष्ट

२००७ च्या डिसेंबरात मी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशुआ गावात होतो. कंपनीने सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं. माझ्याकडे गाडी नव्हती आणि बाहेर गुडघाभर बर्फ. त्यामुळे ऑफिसात शेजारी बसणारा एक अमेरिकन सहकारी मला रोज त्याच्या गाडीतून न्यायचा-आणायचा. वय माझ्याएवढंच, पंचवीस-सव्वीस. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रेव्होल्युशन' असा शब्द लिहिलेला स्टिकर होता. त्यातली चार अक्षरं उलटी रंगवली होती, म्हणजे आरशात 'लव्ह' असं वाचता यावं.

पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुला रॉन पॉल माहितीये?"

मी नाही म्हटलं.

"जानेवारीत सगळ्या जगाला माहिती होईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात बढाई नव्हती. उद्या सोमवार आहे हे सांगावं तितक्या सहज त्याने ते सांगितलं.

रॉन पॉल यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते त्यांच्या समर्थकांविषयी. मला मतदानाचा हक्क नव्हता, तरी पुढचे काही आठवडे मीही त्यांच्यातलाच एक झालो होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षात उमेदवारीची लढत होते. २००८ मध्ये ती ३ जानेवारीला आयोवात सुरू होणार होती आणि ८ जानेवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान होतं. राज्याची लोकसंख्या जेमतेम १३ लाख, पण नंबर सुरुवातीचा, म्हणून सगळे उमेदवार तिथे ठाण मांडून बसतात. रिपब्लिकन पक्षात मॅकेन, रॉम्नी, जुलियानी, हकबी अशी बडी नावं होती. त्यांच्यात ७२ वर्षांचे रॉन पॉल. पेशाने बाळंतपणं करणारे डॉक्टर, टेक्ससमधून निवडून आलेले खासदार. १९८८ मध्ये ते लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले होते, तेव्हा त्यांना अर्धा टक्का मतं मिळाली होती.

त्यांचं म्हणणं स्वतःच्याच पक्षाला न पचणारं होतं. इराकमधून सैन्य परत आणा, आयकर रद्द करा, फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकच बंद करा. मे २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत ते म्हणाले की आपण मध्यपूर्वेत वर्षानुवर्षं जे केलं, त्याचा ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी संबंध आहे. जुलियानींनी तिथल्या तिथे त्यांना शब्द मागे घ्यायला सांगितलं आणि सभागृहाने जुलियानींसाठी टाळ्या वाजवल्या. पॉल यांनी शब्द मागे घेतले नाहीत. माझा सहकारी म्हणायचा, "त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की टीव्हीवर कुणीतरी खरं बोलतंय." असे हजारो तरुण होते. इराक युद्धाला पाचवं वर्ष लागलं होतं आणि त्यांच्या वर्गातली मुलं तिकडे लढत होती.

आता हे लोक 'आपण जिंकणार' असं कशाच्या जोरावर म्हणत होते? मूर्ख होते असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा होता आणि तो खोटा नव्हता.

वादसभांनंतर वाहिन्या एसएमएस किंवा वेबसाइटवरून कौल घेत. त्यात पॉल पहिले नाहीतर दुसरे येत. ऑक्टोबरमधल्या वादसभेनंतर सीएनबीसीच्या कौलात ते इतके पुढे गेले की वाहिनीने तो कौलच काढून टाकला आणि समर्थकांना उद्देशून तसं जाहीरही केलं. गाडीत हे सांगताना माझा मित्र स्टिअरिंगवर हात आपटायचा. "बघ, ते घाबरलेत!"

मग पैसा. ५ नोव्हेंबर २००७ ला समर्थकांनी स्वतःच ठरवून एका दिवसात ४० लाख डॉलरहून अधिक गोळा केले. प्रचार कार्यालयाचा त्यात हात नव्हता. १६ डिसेंबर हा १७७३ च्या बोस्टन टी पार्टीचा वाढदिवस. त्या दिवशी ६० लाखांचा आकडा पार झाला. सुमारे ५८,००० लोकांनी पैसे दिले. त्या तिमाहीत रिपब्लिकन उमेदवारांपैकी सर्वांत जास्त रक्कम याच 'अशक्य' उमेदवाराने उभी केली. त्या रविवारी आम्ही दोघं लॅपटॉपवर आकडा वाढताना बघत बसलो होतो. भारत-पाकिस्तान मॅचची शेवटची षटकं बघावीत तसं. मित्राने ५०० डॉलर दिले. त्याचं घरभाडं थकलं होतं, हे मला नंतर कळलं.

शिवाय समर्थकांनी वर्गणी काढून एक ब्लिंप, म्हणजे माणसं घेऊन उडणारा लांबुडका अवाढव्य फुगा, भाड्याने घेतला. 'रॉन पॉल कोण? गूगल करा' अशा अर्थाची अक्षरं त्यावर होती. भारतीय वंशाचा एक तरुण अभियंता तर गूगलमधली नोकरी सोडून न्यू हॅम्पशायरला आला. त्याने घरं भाड्याने घेऊन देशभरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांची राहायची सोय केली. रस्त्याच्या कडेला बर्फात रोवलेल्या पाट्यांमध्ये पॉल यांच्या पाट्या नजरेत भरत.

आणि मतदानपूर्व चाचण्या? बहुतेक चाचण्यांत पॉल यांना एक आकडी टक्केच मिळत. त्यावरही उत्तर तयार होतं. चाचणीवाले घरच्या फोनवर फोन करतात, तरुणांकडे फक्त मोबाइल असतो. ते जुन्याच रिपब्लिकन मतदारांना विचारतात, आमचे लोक नवे आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्यांनाही या लढतीत मत देता येतं, ते सगळे आमच्याकडे येतील. यातलं एकही वाक्य तद्दन चूक नव्हतं. मला तर ते फारच पटलं. परदेशात एकटा होतो, संध्याकाळी बोलायला कुणी नसायचं, आणि इथे एक अख्खा घोळका मला 'ये, बस' म्हणत होता.

त्या सुमारास बाबांचा साताऱ्याहून फोन आला. मी उत्साहाने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, शेषन आठवतात का तुला?"

आठवत होते. १९९७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. निवडणूक आयुक्त म्हणून भल्याभल्यांना घाम फोडणारे टी. एन. शेषन के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे होते. तेव्हा महाराष्ट्रात सत्तेत असलेल्या शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. आमच्या कॉलनीत शेषन म्हणजे दैवत. बाबा आणि त्यांचे मित्र कट्ट्यावर ठामपणे सांगायचे की असा माणूस राष्ट्रपती झालाच पाहिजे. 'झाला पाहिजे'चं 'होणार' कधी झालं, कुणाला कळलं नाही. मत द्यायचं होतं खासदार-आमदारांनी आणि मोठे पक्ष नारायणन यांच्यामागे होते. नारायणन यांच्या मतांचं मूल्य ९,५६,२९० भरलं, शेषन यांचं ५०,६३१.

"आमच्या कट्ट्यावर एकालाही मत नव्हतं रे," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, इथलं वेगळं आहे."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मित्राने बिनपगारी रजा घेतली. एका दुपारी मी त्याच्याबरोबर दारोदार गेलो. त्याच्या हातात मतदारांची यादी, माझ्या हातात पत्रकं. यादीत प्रत्येक नावापुढे खूण करायची होती: आपला, विरोधी, अजून ठरलेलं नाही. एका आजीबाईंनी दार उघडलं, थंडीत उभं राहून आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान काम करताय पोरांनो. मी बघते." मित्राने 'आपला'वर खूण केली. पुढच्या घरातला माणूस म्हणाला, "युद्धाबद्दल तुमचं बरोबर आहे." पुन्हा 'आपला'. तिसऱ्या घरी यादी माझ्या हातात होती. बाई म्हणाल्या, "कदाचित." मी पेन उचललं आणि 'आपला'वर खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं होतं.

३ जानेवारीला आयोवात पॉल यांना १० टक्के मतं मिळाली, पाचवा क्रमांक. "आयोवा शेतकऱ्यांचं राज्य," मित्र म्हणाला. तीन दिवसांनी झालेल्या फॉक्स वाहिनीच्या उमेदवारांच्या चर्चेतून पॉल यांना वगळलं होतं. राज्यातल्या रिपब्लिकन पक्षानेच त्याविरोधात त्या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. म्हणजे तक्रारीत तथ्य होतं. पण खऱ्या अन्यायाने आणखी एक गोष्ट केली. 'आपल्याला दाबतात, म्हणजे आपण मोठे आहोत' हा हिशेब त्याने पक्का केला.

८ जानेवारीच्या रात्री एका बारमध्ये पन्नासेक जण जमलो होतो. मॅकेन ३७ टक्के. रॉम्नी ३२. हकबी ११. जुलियानी साडेआठ. पॉल पावणेआठ. पुन्हा पाचवे. ज्या चाचण्यांना आम्ही हसत होतो, त्यांनी जवळपास हाच आकडा सांगितला होता. गंमत म्हणजे त्याच रात्री डेमोक्रॅटिक बाजूला चाचण्या साफ आपटल्या. ओबामा जिंकणार म्हणून सांगितलं होतं, जिंकल्या हिलरी क्लिंटन. त्यामुळे संशयाला खतपाणीच मिळालं.

मग सटन या छोट्या गावाची बातमी आली. तिथे पॉल यांची मतं शून्य दाखवली होती, प्रत्यक्षात ती ३१ होती. कारकुनी चूक होती, ती दुरुस्तही झाली. पण बारमधल्या त्या पन्नास जणांपैकी कित्येकांसाठी ती ३१ मतं म्हणजे चोरीचा पुरावा ठरली. पुढे वर्गणी काढून फेरमोजणी झाली. निकाल तोच राहिला. मतदानाच्याच दिवशी 'द न्यू रिपब्लिक'मध्ये एक लेखही आला होता. पॉल यांच्या नावाने पूर्वी निघणाऱ्या वार्तापत्रांतला वंशद्वेषी मजकूर त्यात उघड केला होता. पॉल म्हणाले, तो मी लिहिलेला नाही. पण आपल्या नावाने काय छापलं जातंय हे त्यांना कसं ठाऊक नव्हतं, हा प्रश्न उरतोच. आमच्या घोळक्यात तो कुणीच विचारला नाही. मीही नाही. माझ्या रंगाच्या माणसाने तरी विचारायला हवा होता.

खूप वर्षांनी मी एक साधा भागाकार केला. १६ डिसेंबरला ५८,००० लोकांनी पैसे दिले. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३० कोटी. म्हणजे पाच हजारांत एक माणूस. त्या हिशेबाने न्यू हॅम्पशायरच्या वाट्याला येतात जेमतेम अडीचशे माणसं. अगदी दुप्पट-चौपट धरा. रिपब्लिकन लढतीत त्या दिवशी दोन लाखांवर मतं पडली. आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले, दिवसभर आकड्यांशी खेळणारे. लॅपटॉपवर तो आकडा पळताना बघत असताना दोघांपैकी एकालाही हा भागाकार सुचला नाही.

ही चूक नवी नव्हती. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवून कौल मागवला. २० लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून लँडन हे रुझवेल्टना हरवणार असं त्यांनी छापलं. रुझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्रं मुख्यतः फोन आणि मोटार असणाऱ्यांकडे गेली होती, हे एक कारण. दुसरं असं की उत्तर पाठवायची तसदी रुझवेल्टवर चिडलेल्यांनीच जास्त घेतली. २००४ मध्ये हॉवर्ड डीन यांचे हजारो तरुण कार्यकर्ते केशरी टोप्या घालून आयोवात उतरले. इंटरनेटवर त्यांचीच हवा होती. डीन १८ टक्क्यांवर तिसरे आले. प्रत्येक वेळी जे मोजलं ते खरंच होतं, फक्त ती लोकांची संख्या नव्हती. ती तळमळ होती. आणि एका माणसाची तळमळ कितीही मोठी असली तरी पेटीत तिचं मत एकच पडतं.

मात्र यावरून 'अशक्य वाटतं त्याच्या नादी लागू नये' असा धडा काढायला मी तयार नाही. ज्या रात्री पॉल आयोवात पाचवे आले, त्याच रात्री ओबामा तिथे ३८ टक्के मतं घेऊन पहिले आले. वर्षभर आधी त्यांच्या समर्थकांनाही लोक हसत होते. पॉल यांच्या पोरांची धडपडही पूर्ण वाया गेली नाही. २०१० च्या कायद्याने फेडरल रिझर्व्हच्या संकटकाळातल्या कर्जांची एकदा तपासणी झाली. २०१२ मध्ये त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये पॉल २३ टक्के मतं घेऊन दुसरे आले.

मित्राने दुसऱ्या दिवशी मला नेहमीसारखं ऑफिसला नेलं. रस्ताभर दोन्ही बाजूंना पाट्या तशाच उभ्या होत्या. तो काही बोलला नाही. मागच्या सीटवर ती यादी पडली होती. मी ती उचलून चाळली. खुणा मोजल्या तर त्या गल्ल्यांमध्ये आम्ही सहज जिंकत होतो. त्यातली एक खूण माझ्या हातची होती. 'कदाचित' म्हणालेल्या त्या बाईंना मी पुढे काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही नक्की कुणाला मत देणार, आणि आम्हाला नसेल तर का नाही? दारात उभ्या होत्या. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.