गणपतराव म्हात्रे : सादृश्य आणि सजीवता

अर्वाचीन भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात गणपतराव काशिनाथ म्हात्रे (१८७६–१९४७) यांचे नाव मुख्यतः ‘मंदिरपथगामिनी’ या एकाच कृतीशी निगडित झाले आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, इ. स. १८९६ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी ती प्लास्टरमध्ये घडविली. पूजेसाठी निघालेली महाराष्ट्रीय तरुणी हा तिचा विषय. नेसलेल्या लुगड्याच्या चुण्यांवरून देहाची ठेवण आणि चालीची लय पाहणाऱ्यास सहज प्रतीत व्हावी, इतके सूक्ष्म निरीक्षण तीत आहे.

या कृतीचा गौरव दोन भिन्न दृष्टींतून झाला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ मध्ये बंगालीत लेख लिहून तिच्यात देशी प्रतिभेची जागृती पाहिली. सर जॉर्ज बर्डवुड यांनी मात्र तिची थोरवी ग्रीक आदर्शाच्या मापाने मोजली. याच बर्डवुडांनी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌समध्ये जावा येथील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची हेटाळणी करून भारतीय ललितकलेचे अस्तित्वच नाकारले. हॅवेल व त्यांचे अनुयायी यांनी त्यांना समर्थ प्रत्युत्तर दिले. परंतु ‘यथातथ्य म्हणजे पाश्चात्त्य’ हे समीकरण उभयपक्षी कायमच राहिले. एका पक्षास ते भूषण वाटले, दुसऱ्यास दूषण. त्या वादात म्हात्रे यांच्या कलेचे स्वतंत्र परीक्षण मागे पडले.

पुढील आयुष्यात त्यांचा बराच काळ स्मारकपुतळ्यांच्या कामी गेला. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. रानडे १९०१ मध्ये निवर्तले होते, पुतळा त्यानंतरचा. अशा कामात परिचितांना ओळख पटणे ही पहिली अट असते, आणि चेहरा, पागोटे, अंगरखा यांचा तपशील अपरिहार्य ठरतो. ‘मंदिरपथगामिनी’वर असे बंधन नव्हते. ती कोणासारखी दिसते हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. ती चालते आहे, एवढेच जाणवते.

सादृश्य आणि सजीवता हे दोन भिन्न गुण आहेत. पहिल्याचा कस व्यक्तीच्या ओळखीवर लागतो, दुसऱ्याचा देहाच्या भानावर. म्हात्रे यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन हा भेद ध्यानी घेऊन व्हावयास हवे. दोहोंना ‘अनुकरण’ या एकाच नावाखाली गणल्याने या कलावंतावर अन्याय झाला आहे, असे म्हणावे लागते.