अविषाणू जनुकवहन

विषाणूंचा वापर न करता डीएनए किंवा आरएनए पेशीत पोहोचविण्याच्या पद्धतींना अविषाणू जनुकवहन असे म्हणतात. जनुकोपचार, लसनिर्मिती व पेशीसंशोधनात त्यांचा उपयोग होतो. पेशीत शिरण्यात विषाणू अधिक वाकबगार असतात. मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तीव्र प्रतिक्रिया देऊ शकते. १९९९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडेनोविषाणूद्वारे केलेल्या जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर पर्यायी वाहकांच्या शोधाला विशेष महत्त्व आले.

पॉलिमर वाहक

डीएनए व पेशीचा पृष्ठभाग दोन्ही ऋणभारित असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. पॉलिलायसिन, कायटोसॅन यांसारखे धनभारित पॉलिमर डीएनएला गुंडाळून त्याचे सूक्ष्म कण बनवतात आणि पेशी ते कण गिळते. खरी अडचण यानंतर सुरू होते. हे कण एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतात आणि पुढे पाचक विकरांमुळे बहुतेक डीएनए नष्ट होते. १९९५ मध्ये पुढे आलेले पॉलिएथिलिनइमाइन या पिशवीतील प्रोटॉन शोषून घेते. त्यामुळे आत पाणी शिरून पिशवी फुगते व फुटते, असे ‘प्रोटॉन स्पंज’ हे गृहीतक सांगते. त्याविषयी अद्याप मतभेद आहेत.

मात्र जो धनभार डीएनएला बांधतो, तोच पेशीपटलालाही इजा करतो. मोठ्या रेणूंचे पॉलिएथिलिनइमाइन परिणामकारक पण विषारी, तर लहान रेणूंचे सौम्य पण दुबळे ठरते. म्हणून लहान रेणू डायसल्फाइड बंधांनी जोडले जातात; पेशीत शिरल्यावर ग्लुटाथायोनमुळे हे बंध तुटतात.

पेप्टाइडांची जोड

एचआयव्हीच्या टॅट प्रथिनातील आर्जिनिनयुक्त तुकडा पेशीत शिरण्यास मदत करतो, तर हिस्टिडिनयुक्त पेप्टाइडे एंडोसोममधून सुटका सुलभ करतात. मधमाशीच्या विषातील मेलिटिन पटल भेदते, परंतु ते मूळ स्वरूपात वापरणे धोक्याचे असते. डीएनएला केंद्रकापर्यंतही जावे लागते; त्यासाठी केंद्रकाकडे नेणारी पेप्टाइडे जोडतात. संदेशवाहक आरएनएला मात्र केंद्रकात शिरण्याची गरज नसते.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-१९ या संदेशवाहक आरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिचा वाहक पॉलिमर नसून मेदद्रव्यांवर आधारित आहे. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात टिकते. इगतपुरीसारख्या डोंगराळ तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची लस-शीतकपाटे याच तापमानावर चालतात. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची साठवण लागत असे.